कासुर्डीची भाकरी

आक्काबाई शनिवारी दिवस उगवायच्या आधी जायची आणि सोमवारी दिवस कलल्यावर परत यायची. जाताना हात हलवत, येताना डोक्यावर गाठोडं. त्र्याहत्तर सालचा फाल्गुन चालू होता. आदल्या साली पाऊस पडलाच नव्हता आणि त्याच्या आदल्या सालीही नावालाच पडला होता. अशा दिवसांत भरल्या गाठोड्यानं येणारं माणूस लांबून दिसतं. वस्तीतली पोरं नदीच्या उतारापर्यंत पळत जायची आणि म्हातारीच्या मागंपुढं करत तिला घरी आणायची.

"काय आनलं गं आज्जे?"

"माझ्या लेकीनं भाकरी दिलीया. कासुर्डीची. चला, आधी सावलीला चला."

तिची लेक ताईबाई भीमेपलीकडं, दौंडाच्या अंगाला, कासुर्डीत दिली होती. तिकडं कालवा होता. कालव्याला पाणी कधी यायचं, कधी नाही. पण शिरूर तालुक्याच्या या कोरड्या टोकावरून बघितलं की पलीकडचं सगळंच हिरवं वाटायचं. ताईबाईचं बरं चाललंय, ती आईला रिकामी धाडत नाही, एवढं वस्तीला पुरेसं होतं. कासुर्डीत जाऊन खरंखोटं करायला कुणाच्या पायात बळ नव्हतं आणि मनात इच्छाही नव्हती.

गाठोड्यात भाकरीचे तुकडे असायचे, बरेचसे वाळलेले. आक्काबाई अंगणात फडकं पसरून निवडायला बसायची. आधी चार घरचे वाटे काढायची. ज्ञानदेव आण्णाच्या नातीचा कटोरा पहिला. पोरगी हाडाला चिकटली होती. मग बाळंतिणीचं घर, मग आंधळ्या सखूबाईचं. कमी जळलेले, मऊ तुकडे बाहेर जायचे आणि करपलेले घरात राहायचे. सून चांगुणा ते जाडसर मोडून मीठमिरचीच्या गरम पाण्यात भिजवायची, आणि सोमवारी रात्री त्या घरात जेवण झाल्यासारखं वाटायचं. बाकीच्या दिवशी मिलो. रेशनला तो परदेशी लाल जोंधळा आला तर मिलो, नाही आला तर उकडलेला पाला. बाजारात पांढरा जोंधळा दिसायचा, पण दिवसभर दुष्काळी कामावर खडी फोडून जे हातात पडायचं त्यात घरच्या चौघांना एका वेळेपुरतं मापही येत नव्हतं. शिरूरच्या बाजारात माणसं धान्याच्या ढिगाशी उभी राहून भाव ऐकायची आणि पुढं सरकायची.

चांगुणाचा नवरा बन्सी हा त्या तुकड्यांचा काला खाली मान घालून खायचा. चाळिशीचा गडी, खडी फोडून हाताची बोटं दगडासारखी झालेली. त्याला एक खोड होती. दिलेला शब्द तो विसरायचा नाही, आणि दुसऱ्याला विसरू द्यायचा नाही.

सोळा वर्षांमागं, धर्म बदलल्यावर, याच बन्सीनं वस्तीला गोळा करून शब्द घेतला होता. गावकी, म्हणजे गावची वतनाची कामं, बंद. मेलेलं जनावर ओढायचं नाही, येसकराची काठी धरायची नाही आणि येसकराची भाकर मागायची नाही. त्याचा बाप म्हाळू गावचा येसकर, वेशीचा राखणदार, होता. बाप मेल्यावर भाकर मागायची पाळी आक्काबाईवर आली होती. संध्याकाळी टोपली घेऊन वीस घरं फिरायची, उंबऱ्याच्या खाली उभं राहायचं, वरून पडेल ते पदरात झेलायचं. त्या दिवशी बन्सीनं बापाची घुंगराची काठी चुलीत घातली, आणि टोपली आक्काबाईनं आपल्या पायानं तुडवली. तुडवताना ती हसत होती. गावानं मग दोन महिने दळण-किराणा बंद केला. पोरं झाडपाल्यावर जगली, एक जगलंही नाही, पण कुणी माघारी गेलं नाही. तेव्हापासून बन्सी बोलायला लागला की वस्ती गप्प बसून ऐकायची.

असा हा बन्सी एका सोमवारी काला खाता खाता थांबला. दातांत आलेला तुकडा बाजरीचा होता. त्याच्या आधीचा जोंधळ्याचा होता, पातळ, कडेला करपलेला. ताटलीत तिसरा होता जाडजूड. त्याच्यावर कसल्याशा चटणीचं लाल तेल मुरलेलं होतं आणि मधोमध अंगठा दाबल्याची खूण होती. बन्सीनं तो तुकडा बोटानं उलटला, सुलटला.

"ताई बाजरी बी करती व्हय?" त्यानं विचारलं.

आक्काबाई भिंतीला टेकून पाय चोळत होती. "असंल ती करती. खा तू."

त्यानं खाल्लं. त्या क्षणी त्याला जे कळायचं ते कळलं होतं, पण कळलं असं त्यानं स्वतःला सांगितलं नाही. पोटात ऊब पडत होती. शेजारी त्याची सहा वर्षांची लेक सुजाता ताटली चाटत होती, आणि चाटून झाल्यावर आजीच्या कुशीत शिरून झोपली.

पुढच्या शनिवारी दुपारी खडीच्या कामावर एक सायकल आली. उन्हात माणसांच्या रांगा बसल्या होत्या, समोर दगड, हातात हातोडी, बोटांना चिंध्या. मजुरांना मिळायचं ते पौष्टिक पीठ, सुकडी, वाटायची वेळ झाली होती. बन्सी आपली सुकडी नेहमीसारखी फडक्यात बांधत होता, पोरीसाठी. सायकलवरून उतरलेला तरुण पलीकडच्या गावचा पोपट. त्यांच्या वस्तीतला शिकलेला, जयंतीच्या वर्गणीला फिरायचा, म्हणून बन्सीला ओळखत होता. त्यानं आधी शेजारी बसलेल्या ज्ञानदेव आण्णांना जयभीम घातला, मग बन्सीला.

"दादा, जरा नाजूक बोलायचंय," पोपट म्हणाला. "तुमच्या अंगाची एक म्हातारी आमच्यात येती. लई दिस झालं."

"दुष्काळ हाय. कोन कुठं जाईल," आण्णा म्हणाले.

"भीक मागितली असती तर म्या सायकल हानत आलो नसतो. भीक मागनारी समद्या जातीची फिरत्यात. ही आधी गोठा झाडती, मग उंबऱ्याखाली हुबी ऱ्हाती आन् म्हनती, माय, येसकराची भाकर वाढा."

आण्णांचा हात सुकडीत तसाच राहिला.

"आमच्या गावातली मानसं आता आमच्या तोंडावर हसत्यात," पोपट म्हणाला. "आमी सुटलो पंधरा वर्सांमागं. आता म्हनत्यात, बघा, तुमची टोपली आली माघारी. सोमवारी ती नदी उतरून हिकडं येती, पोरांनी बघितलंय. तुम्ही आमच्यासंगं या दादा. तुमच्या शब्दाला वजन हाय. तुम्ही सांगितलं तर ऐकंल."

आण्णांनी बन्सीकडं पाहिलं आणि लगेच नजर खाली घेतली. बन्सीला ती नजर नंतर पुष्कळदा आठवली.

"जा बन्सी," आण्णा म्हणाले. "दुसऱ्या कुनाला धाडन्यापरीस तू गेलेला बरा."

बन्सीनं मान हलवली. नाही म्हणायला तोंड नव्हतं. म्हातारी पहाटेच गेली होती, नाहीतर तिला वाटेतच अडवता आलं असतं, असं तो दिवसभर मनाशी म्हणत राहिला. त्या दिवशी त्याची खडी निम्मीच फुटली आणि मुकादमानं चारचौघांत त्याला ऐकवलं.

संध्याकाळी तो घरी आला. चांगुणा चुलीपुढं पाला निवडत होती. तो उंबऱ्यावर बसला आणि पाठमोराच बोलला.

"आई कासुर्डीला जात न्हाई."

चांगुणा निवडत राहिली.

"तुला ठावं हुतं?"

"भाकरी करनारीला दुसरीचा हात वळखू येतो," ती म्हणाली. "पहिल्या गाठोड्यात धा घरचं हात हुतं."

"आन् तू बोलली न्हाईस."

"बोलले असते तर तुमी जेवला असता का?"

बन्सी उंबऱ्याची माती नखानं उकरत राहिला.

"तुमी जेवला नसता," चांगुणा म्हणाली. "मग पोरीला कसं जेवू दिलं असतं? मग आण्णाची नात. मग समदी वस्तीच. म्हनून न्हाई बोलले. तुमाला बी ठावं हुतं."

"मला ठावं नव्हतं."

चांगुणानं पहिल्यांदा मान वर करून त्याच्याकडं पाहिलं आणि परत पाल्यात हात घातला. भांडण झालं असतं तर बन्सीला बरं वाटलं असतं. भांडायला तिच्यात ताकद नसावी, किंवा इच्छा नसावी.

रविवारी सकाळी तो नदी उतरला. भीमेचं पात्र नुसतं वाळू आणि गोटे झालं होतं. डोहात लोकांनी खणलेले झरे, त्यांच्याभोवती घागरींच्या रांगा. पलीकडच्या काठावर पोपट आणि आणखी दोघं उभे होते. बन्सीच्या मनात होतं की आपण पुढं जाऊ, म्हातारीला एकटं गाठू, आडवाटेनं घरी धाडू. पण पोपट त्याची बाजू सोडीना. मोठ्या माणसाला एकटं कसं सोडायचं, असं म्हणून तो मान देत होता. चालता चालता तो दोनदा म्हणाला, की दादा, तुमची सोळा वर्षांमागची गोष्ट आमच्या वस्तीत अजून सांगतात.

रानातल्या एका बागायतदाराच्या वस्तीवर ती दिसली. कांद्याची चाळ, गोठा, पुढं सारवलेलं अंगण. आक्काबाई गोठ्यात वाकून शेण भरत होती. बन्सीला आईची पाठ दिसली. पोलकं घामानं चिकटून मणके एकेक मोजावेत असे वर आले होते. घरी ती पाठ कधी एवढी वाकलेली दिसली नव्हती. घरी ती गाठोडं घेऊन ताठ चालत यायची.

"थांबा," पोपट हळू म्हणाला. "आपल्या डोळ्यांनी बघा म्हंजी झालं."

ते चाळीच्या आडोशाला उभे राहिले. आक्काबाईनं पाटी उकिरड्यावर ओतली, हात मातीनं घासले, डोक्यावरचा पदर पुढं ओढला. मग अंगणाच्या कडेला, ओट्यापासून पाच-सहा पावलं लांब, ती उभी राहिली. बन्सीला ते अंतर माहीत होतं. लहानपणी तिचं बोट धरून तो त्याच अंतरावर उभा राहिला होता.

"येसकराची भाकर वाढा, माय."

घरची बाई, मालनबाई, भाकरी घेऊन बाहेर आली. बाई काही वाईट नव्हती. भाकरीच्या मधोमध चटणीचा गोळा ठेवून तिनं तो अंगठ्यानं दाबला, सांडू नये म्हणून, आणि ओट्याच्या कडेवर येऊन वरून भाकरी सोडली. आक्काबाईनं पदर पुढं केला होता. भाकरी पदरात पडली, थोडी चटणी बाहेर सांडली, आणि आक्काबाईनं वाकून ती बोटानं मातीवरून टिपली.

अंगठ्याची ती खूण बन्सीच्या पोटात होती. गेल्या सोमवारी त्यानं ती चावून खाल्ली होती.

पोपट पुढं झाला. "मावशे, कुठली गं तू?"

आक्काबाई वळली. पोपटाच्या खांद्यावरून तिला लेक दिसला. तिचा चटणी टिपलेला हात तोंडाजवळ होता, तो तिथंच राहिला.

"लांबची," ती म्हणाली.

"लांबची म्हंजी नदीपलीकडचीच ना? अगं, आमी हे समदं सोडलंया. तू कशापायी आमची अब्रू घालवतीस?"

"अरं, भांडताय कशाला?" मालनबाई ओट्यावरून म्हणाली. "म्हातारी गोठा झाडती, म्या भाकर देती. पहिल्यापासनं रीतच हाय ती."

"हीच रीत नगं म्हनून तर," पोपट म्हणाला. मग त्यानं वळून विचारलं, "बन्सीदादा, तुमच्या वस्तीतली हाय का ही? तुम्ही वळखता?"

उत्तर दोन अक्षरांचं होतं. व्हय. एवढं म्हटलं असतं तर काय झालं असतं, याचा हिशेब बन्सीनं पुढं आयुष्यभर केला. पोपट चपापला असता. मालनबाई हसली असती. नदीच्या दोन्ही काठांवर आठवडाभर चर्चा झाली असती. त्यानं कुणी मरत नाही. पण त्या अंगणात त्याला फक्त पोपटाचे डोळे दिसत होते, आदरानं भरलेले.

"न्हाई," बन्सी म्हणाला. "आमची न्हाई ती."

आक्काबाईनं हात खाली घेतला. पदर नीट केला. आणि इतक्या सहज बोलली की जणू वाटेवर घोकत आली होती.

"त्यो कुठनं वळखंल? म्या नगरच्या अंगाची. दुष्काळानं निघाले. मला कुनी न्हाई."

"पोरंबाळं?"

"कुनी न्हाई म्हनलं ना."

पोपटाचा राग तिथंच उतरला. तो जवळ गेला, गोठ्यापाशी ठेवलेलं म्हातारीचं गाठोडं उचलून तिच्या हाती दिलं आणि तिचा दंड धरला. "मग आमच्या वस्तीत चल मावशे. असंल त्यातलं अर्धं खा. पर ह्या अंगनात हुबी ऱ्हाऊ नगं."

म्हातारी नको नको म्हणत होती. पोपटानं ऐकलं नाही. तो तिला धरून चालत होता आणि तिचा लेक चार पावलं मागून, परक्यासारखा, दोन्ही हात मोकळे सोडून चालत होता.

पोपटाच्या आईनं, भागुबाईनं, दोघांना घरात घेतलं. पाव्हण्याला चटई आणि निराधार म्हातारीला चुलीजवळ पाट. मिलोच्या दोन भाकरी होत्या, त्या घरच्या दुपारच्या असणार. एक बन्सीपुढं आली आणि एक आक्काबाईपुढं. आक्काबाईनं आपली मोडली, अर्धी खाल्ली, अर्धी पदराआड गाठोड्यात सरकवली. भागुबाईला दिसलं.

"कुनासाठी ठिवतीस गं? कुनी न्हाई म्हनतीस ना?"

"सवय पडली," आक्काबाई म्हणाली.

दारात माणसं जमली. नदीपलीकडचे बन्सीदादा आलेत म्हणून दोन म्हातारे काठ्या टेकत आले. त्यांतला एक म्हणाला, "दोन शब्द सांगा. पोरांनी ऐकलं पायजे, काठी कशी जाळली ती."

बन्सीनं नको म्हटलं. त्यांनी आग्रह केला. मग तो बोलला. काय बोलला ते त्याला पुढं आठवलं नाही, फक्त एवढं आठवलं की टोपलीपाशी आल्यावर त्याची जीभ अडली. "टोपली माझ्या आईनं तुडवली," तो म्हणाला. चुलीजवळ आक्काबाई पाण्याचा पेला दोन्ही हातांत धरून बसली होती. तिनं तो न पिताच खाली ठेवला.

"धन्य ती माय," भागुबाई म्हणाली.

बन्सीनं भाकरी तशीच मागं सारली तेव्हा भागुबाईनं तीही उचलून म्हातारीच्या ओच्यात टाकली. जाताना पोपटानं आपल्या घरचं मूठभर पीठ तिला कागदात बांधून दिलं आणि म्हणाला, "दर आठवड्याला हितं यायचं. दुसरीकडं मागायचं न्हाई. मला तुझा लेकच समज." हे त्यानं बन्सीच्या देखत म्हटलं. बन्सी चपला शोधत राहिला. त्या त्याच्या समोरच होत्या.

ती आधी निघाली. तो जाणूनबुजून घटकाभर थांबला. नदीच्या पात्रात, झऱ्यांच्या पुढं, जिथं माणसं नव्हती तिथं त्यानं तिला गाठलं. ऊन उतरत होतं, पण वाळू अजून पायाला चटके देत होती. आक्काबाई अनवाणी होती. तिच्या वहाणा कधी तुटल्या हे त्याला माहीत नव्हतं.

"आई."

ती थांबली नाही. "चाल. लांब चाल. पल्याडनं कुनी बघंल."

तो दहा पावलं मागं चालला. मागूनच म्हणाला, "भीक मागितली असतीस तरी कुनाला कळलं नसतं."

"भीक कशी मागू रं? मला येत न्हाई मागायला," ती पुढं बघतच म्हणाली. "रस्त्यावर हात पसरायची लाज वाटली. म्हनलं, शेन भरावं, झाडावं, आन् मग जी आपल्या हक्काची हुती ती मागावी. त्येवढंच ठावं हुतं मला. चूक झाली."

"चूक माझी झाली."

"तुझी न्हाई. बरं केलंस न्हाई म्हनलास. सोळा वर्सांचं वाया गेलं असतं." मग वळून तिनं विचारलं, "तू जेवला न्हाईस. ती भाकरी हाय माझ्यापाशी. बस वाईच हितं, खा."

बन्सी वाळूतच बसला, गुडघ्यात डोकं घालून. म्हातारी शेजारी उभी राहिली, त्याच्यावर सावली पडेल अशी. रडू दिलं आणि मग म्हणाली, "ऊठ. दिस जाईल."

वस्तीच्या तोंडाशी लिंबाखाली माणसं बसली होती. म्हातारी रविवारीच आली हे बघून पोरं पळत सुटली. आण्णांची नात कटोरा घेऊन आली, सुजाता आली. चांगुणा दारात उभी होती.

आण्णांनी विचारलं, पण विचारावं लागतं म्हणून विचारल्यासारखं. "काय झालं बन्सी? घावली का बाई?"

"ह्यो मला वाटंत भेटला," आक्काबाई घाईनं म्हणाली. "म्या कासुर्डीवरनं येत हुते."

बन्सीनं तिच्या डोक्यावरचं गाठोडं काढून घेतलं. तिनं घट्ट धरलं होतं, त्याला ओढावं लागलं. त्यानं ते लिंबाखाली ठेवलं, सोडलं, फडकं पसरलं. वर मालनबाईची भाकरी होती, चटणीसकट.

"घावली," बन्सी म्हणाला. "माझीच आई हाय ती. ही भाकर कासुर्डीची न्हाई. येसकराची म्हनून मागून आनलेली हाय, आन् ती आपुन समद्यांनी खाल्ली. आन् पोपटानं विचारलं तवा म्या म्हनलो, ही माझी कुनी न्हाई."

बोलून झाल्यावर त्याला हलकं वाटलं. ते हलकेपण फार टिकलं नाही. त्यानं आईकडं पाहिलं. ती फडक्यापाशी बसली होती, पदर हनुवटीपर्यंत ओढून. मालनबाईच्या अंगणातही तिनं तोंड एवढं झाकलं नव्हतं.

बाळंतिणीच्या सासूनं हातातलं भांडं पाठीमागं घेतलं. आण्णांच्या नातीचा कटोरा पुढं आला होता, तिच्या आईनं दारातून हाक मारली तशी पोरगी कटोरा घेऊन दाराकडं परतली. जे आजवर सगळे जाणून न जाणून खात होते, ते आता नाव घेतल्यावर कुणाला उचलता येईना.

"येवढं कशाला सांगितलंस रं?" पदराआडून आक्काबाई म्हणाली. आवाजात राग नव्हता. "पोरं लेकीची म्हनून खात हुती. आता काय खातील?"

ती फडक्याची टोकं गोळा करू लागली. गाठ बसेना. बांधली की पुन्हा सुटत होती. वस्तीतली सगळी माणसं ते बघत होती, आणि बन्सीला कळलं की सकाळी त्यानं आईला नाकारून आपली लाज राखली आणि आता खरं बोलूनही आपलीच राखली. दोन्ही वेळा उघडी पडली ती तीच.

तो तिच्यासमोर बसला. तिचे हात धरून बाजूला केले. मालनबाईची भाकरी उचलली, अंगठ्याच्या खुणेपाशी मोडली आणि एक घास तोंडात घातला. सगळ्या वस्तीच्या देखत चावला, गिळला. मग उरलेला तुकडा सुजाताकडं धरला.

पोरगी बापाकडं बघत होती. तिनं मघाचं सगळं ऐकलं होतं.

"खा," बन्सी म्हणाला.

"कुठली हाय?"

"कासुर्डीची."

"आत्याची?"

"व्हय. आत्यानं धाडलीया. आज्जी उन्हातानाची घेऊन आली."

सुजातानं तुकडा घेतला. लिंबाखालून आण्णा उठले, आपल्या घराच्या दारापर्यंत गेले, नातीच्या पाठीवर हात ठेवून तिला परत घेऊन आले आणि तिचा कटोरा फडक्याच्या कडेला ठेवला.

"आक्काबाई," ते म्हणाले, "ताईबाई बरी हाय न्हवं?"

म्हातारीनं पदर जरासा मागं घेतला. तिनं तुकडे चाळले, एक उचलला, करपलेला होता म्हणून ठेवून दिला आणि दुसरा, मऊ, कटोऱ्यात टाकला.

"बरी हाय," ती म्हणाली.